न पाहिलेल्या माणसाचा द्वेष

(आकाशवाणीवरील भाषणाचं संपादित शब्दांकन)



आकाशवाणीचं प्रसारण सुरू होण्याआधी एक धून वाजते. तानपुरा आणि त्यावर व्हायोलिन. शिवरंजनी रागाच्या अंगाची ही धून माझ्या पिढीनं तर झोपेतून उठतानाच ऐकली. या धुनेचं श्रेय ज्यांना दिलं जातं ते वॉल्टर कॉफमन हे मूळचे आजच्या झेक प्रजासत्ताकातल्या कार्ल्सबाद गावचे. 1907 चा जन्म, धर्मानं ज्यू. 1933 मध्ये जर्मनीत हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू कलावंतांना काम मिळणं बंद झालं. कॉफमन 1934 मध्ये मुंबईत उतरले. आपलं संगीत सुरुवातीला त्यांना अजिबात कळेना, म्हणून ते चिकाटीनं शिकले. 1937 ते 1946 या काळात ते आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावर पाश्चात्त्य संगीताचे प्रमुख होते. एका देशानं जातीवरून हाकललेल्या माणसाची धून दुसऱ्या देशाच्या घराघरांत रोज पहाटे वाजत राहिली.

आज मला ज्यूद्वेषाविषयी बोलायचं आहे. तुम्ही म्हणाल, आसेगावच्या माणसाला हा विषय कुठून सुचला? आमचं आसेगाव वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीर तालुक्यात. सोयाबीन, तूर, पराटी आणि पावसाकडे डोळे. गावात ज्यू नाही, कधी असल्याचं मी ऐकलेलं नाही. पंचक्रोशीतल्या शंभरातल्या नव्याण्णव लोकांनी ज्यू माणूस डोळ्यांनी पाहिलेला नाही. नेमकं म्हणूनच मला बोलावंसं वाटलं. ज्याला कधी पाहिलं नाही, ज्यानं आपल्या बांधावर कधी पाय ठेवला नाही, त्याच्याविषयीचा राग आमच्या पारावर येऊन बसला आहे. तो मोबाइलवरून येतो, बसस्टँडवरच्या पुस्तकांतून येतो, आणि गंमत म्हणजे कौतुकाचं रूप घेऊनही येतो.

बसस्टँडचंच सांगतो. तिथल्या स्टॉलवर व्यक्तिमत्त्व विकासाची पुस्तकं, श्रीमंत होण्याची पुस्तकं आणि त्यांच्याच रांगेत हिटलरच्या आत्मचरित्राचा मराठी अनुवाद. स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी पोरं ते घेतात. का घेतलं म्हणून विचारलं तर उत्तर ठरलेलं: ‘सर, शिस्त शिकायला.’ कचेरीत काम अडलं, रस्ता उखडला, की आपल्याकडे चांगली शिकलेली माणसंही म्हणतात, ‘इथं एक हिटलरच पाहिजे.’ 2006 साली नवी मुंबईत खारघरला एक हॉटेल निघालं होतं, नाव ‘हिटलर्स क्रॉस’. दारावर स्वस्तिक, आत हिटलरचं चित्र. मुंबईतल्या ज्यू मंडळींनी हरकत घेतली तेव्हा मालकानं नाव बदललं. त्याच्या मनात द्वेष असेल असं मला वाटत नाही. नाव लक्षात राहील एवढाच त्याचा हिशेब असावा. पण साठ लाख माणसं ज्यानं मारली त्याचं नाव पोळीभाजीच्या पाटीवर चालून जातं, हे आपल्या इतिहासाच्या शिकवणीचं प्रगतिपुस्तकच आहे.

या द्वेषाची मुळं फार जुनी आहेत. सगळी सांगायला वेळ नाही, पण एक गोष्ट सांगतो, कारण ती विहिरीची आहे आणि विहीर आपल्याला कळते. 1347-48 मध्ये युरोपात प्लेगची साथ आली. गावंच्या गावं ओस पडली. रोग कशानं होतो कुणालाच माहीत नव्हतं. मग कुणीतरी म्हणालं, ज्यूंनी विहिरींत विष कालवलं. ज्यूही त्याच विहिरींचं पाणी पीत होते आणि त्याच रोगानं मरत होते, हे कुणी लक्षात घेतलं नाही. छळ करून कबुलीजबाब घेण्यात आले. 14 फेब्रुवारी 1349 रोजी स्ट्रासबर्ग शहरात शेकडो ज्यूंना एकत्र जाळण्यात आलं. त्यांच्याकडून घेतलेल्या कर्जाची कागदपत्रंही त्या गडबडीत निकालात निघाली. हा तपशील विसरू नका. अफवेचा फायदा कुणाला झाला हे विचारायची सवय लावून घेतली, तर बऱ्याच गोष्टी उलगडतात.

आता साडेपाचशे वर्षं पुढे या. 1896. प्लेग मुंबईत. माणसं शहर सोडून पळताहेत. सरकारनं एका शास्त्रज्ञाला बोलावलं, वाल्डेमार हाफकिन. ओडेसात जन्मलेला ज्यू. धर्म बदलला असता तर रशियातच विद्यापीठात बढती मिळाली असती. त्यानं तो बदलला नाही. पॅरिसला पाश्चर संस्थेत काम करून पटकीची लस शोधली आणि 1893 मध्ये भारतात आला. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका खोलीत त्यानं प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी पहिली सुई स्वतःलाच टोचून घेतली. ज्यांच्यावर प्लेग पसरवल्याचा आळ घेऊन त्यांना जाळलं, त्यांच्यातल्याच एकानं प्लेगवरची लस आपल्या मुंबईत बनवली.

गोष्ट इथंच संपत नाही. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस टोचलेली 19 माणसं धनुर्वातानं दगावली. ती सगळी एकाच बाटलीतून टोचलेली. गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला. पण ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना पदावरून दूर केलं गेलं. त्यांचं नाव निर्दोष व्हायला 1907 उजाडलं. मलेरियाचं कोडं सोडवणारे रोनाल्ड रॉस त्यांच्या बाजूनं वृत्तपत्रांत भांडले. युरोपात या प्रकरणाची तुलना फ्रान्समधल्या ड्रायफस या ज्यू लष्करी अधिकाऱ्याच्या खटल्याशी झाली. त्यालाही खोट्या आरोपावरून शिक्षा झाली होती. परळच्या त्या प्रयोगशाळेला 1925 मध्ये हाफकिन यांचं नाव दिलं. पेरणीच्या दिवसांत साप चावलेला माणूस दवाखान्यात नेल्यावर जे औषध टोचतात, त्याच्या बाटलीवर हे नाव तुम्ही वाचलंही असेल. आमच्याकडे पुष्कळांना वाटतं, हाफकिन हे कंपनीचं नाव आहे. तो माणूस होता.

हे सगळं मी विहिरीपासून का सांगितलं? 2020 च्या एप्रिलमध्ये कोरोनाची टाळेबंदी होती, तेव्हाचे संदेश आठवून पाहा. अमुक धर्माचे लोक मुद्दाम रोग पसरवताहेत, भाजीला थुंकी लावताहेत. देशात ठिकठिकाणी हातगाडीवाल्याला आधी नाव विचारलं जाऊ लागलं आणि मग वांग्याचा भाव. तबलिगी जमातच्या परदेशी पाहुण्यांवर गुन्हे दाखल झाले. त्याच वर्षी 21 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं ते गुन्हे रद्द केले आणि या लोकांना बळीचा बकरा केल्याचं दिसतं, असा अभिप्राय दिला. बळीच्या बकऱ्याची इंग्रजीतली कल्पना आली ती ज्यूंच्याच धर्मग्रंथातून. वर्षातून एकदा सगळ्या लोकांची पापं एका बोकडाच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात सोडून द्यायचं, असा विधी त्यात सांगितला आहे. पुढं जगानं त्या लोकांनाच बोकड केलं.

दुसरं मूळ सावकारीचं. वऱ्हाडातल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मध्ययुगीन युरोपात ख्रिस्ती माणसानं व्याज घेऊ नये असा चर्चचा दंडक होता. ज्यूंना पुष्कळ ठिकाणी जमीन घ्यायला बंदी, कारागिरांच्या संघांत प्रवेश नाही. मग उरलेला धंदा पैशाचा. राजाला लढाईसाठी पैसा हवा असे तेव्हा तो ज्यू सावकाराला जवळ करी आणि फेडायची वेळ आली की हद्दपार करी. इंग्लंडनं 1290 मध्ये सगळ्या ज्यूंना असं घालवून दिलं. बहुसंख्य ज्यू गरीब होते. शिंपी, फेरीवाले, हमाल. पण लोकांच्या डोळ्यांसमोर चित्र राहिलं ते वही उघडून बसलेल्या माणसाचं. आपल्याकडे 1875 मध्ये पुणे-नगर भागात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या. त्यांचा राग खोटा नव्हता, कर्ज खरं होतं आणि व्याजही खरं होतं. मात्र वहीवरचा राग जेव्हा ती लिहिणाऱ्याच्या सगळ्या जातीवर जातो, तेव्हा व्याजाचा दर ठरवणारी व्यवस्था नामानिराळी राहते. शेतमालाचे भाव कोण पाडतं, या प्रश्नावर ‘जगातले मोठे ज्यू’ असं उत्तर मी आमच्याच गावात ऐकलं आहे. सांगणाऱ्याला आयात शुल्क, वायदेबाजार, सरकीची पेंड यांतलं काही तपासायचं नव्हतं. एका शब्दात उत्तर मिळालं, विषय संपला.

‘मूठभर ज्यू सगळं जग चालवतात’ हा जो संदेश फिरतो, त्याचा बाप एक बनावट दस्तऐवज आहे. 1903 मध्ये रशियातल्या एका वृत्तपत्रात तो छापला गेला. ज्यू पुढाऱ्यांनी गुप्त बैठकीत जग ताब्यात घेण्याची योजना आखली आणि हे तिचं टिपण, असा दावा. 1921 मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’नं दोन पुस्तकं शेजारी शेजारी ठेवून दाखवलं, की त्यातले उतारेच्या उतारे 1864 च्या एका फ्रेंच पुस्तकातून उचलले आहेत. ते पुस्तक फ्रान्सच्या बादशहावरची टीका होती, त्यात ज्यूंचा संबंधच नव्हता. म्हणजे परीक्षेत कॉपी करावी तसा प्रकार, तोही पकडला गेलेला. मोटारवाल्या हेन्री फोर्डनं आपल्या वर्तमानपत्रातून याच मजकुराच्या आधारे वर्षानुवर्षं विष पेरलं आणि 1927 मध्ये माफी मागितली. शंभर वर्षांपूर्वी उघडी पडलेली ही लबाडी आज मराठीत, खाली ‘पुढे पाठवा’ असं लिहून, माझ्या मोबाइलवर येते. लेखकाचं नाव मात्र कुणीच लिहीत नाही.

एकोणिसाव्या शतकात या द्वेषानं रूप बदललं. आधी धर्मावरून होता. धर्मांतर केलं की निदान जीव वाचायचा. 1879 च्या सुमारास विल्हेल्म मार या जर्मन लेखकानं नवा शब्द रूढ केला, त्यात धर्माऐवजी वंश आला. वंश बदलता येत नाही. जन्मानं ठरतो, रक्तातून येतो, शिवल्यानं बाटवतो. श्रोतेहो, ही भाषा आपल्या ओळखीची आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी 1940 च्या दशकातच नाझींचा ज्यूद्वेष आणि आपल्याकडची अस्पृश्यता यांची विचारसरणी एकच आहे, असं लिहून ठेवलं होतं. ज्यानं विहिरीवरचा पहारा सोसला आहे, त्याला हे पटवून द्यावं लागत नाही.

आपण मराठी लोक एक गोष्ट अभिमानानं सांगतो, आणि ती खरी आहे. कोकणात शतकानुशतकं ज्यू राहिले, त्यांना कुणी त्रास दिला नाही. बेने इस्राएल त्यांचं नाव. जहाज फुटून नवगावच्या किनाऱ्याला लागलेल्या सात जोडप्यांचे आपण वंशज, अशी त्यांची परंपरा सांगते. तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना ‘शनवार तेली’ म्हणू लागले. आडनावं पेणकर, रोहेकर, किहीमकर, दिवेकर. नवसाला पोहे, नारळ आणि फळांचा मलिदा. 1937-38 मध्ये मुंबईचे महापौर असलेले डॉ. ई. मोझेस यांच्यातलेच, आणि ‘बूट पॉलिश’मधला जॉनचाचा, म्हणजे नट डेव्हिड, तोही चेऊलकर. 1948 नंतर यांच्यातले बहुतेक इस्राएलला गेले. तिथं त्यांना ‘तुम्ही खरे ज्यू कशावरून?’ असं विचारलं गेलं, लग्नांत अडचणी आल्या, त्यासाठी त्यांना आंदोलन करावं लागलं आणि 1964 मध्ये तिथल्या सरकारनं त्यांना पूर्ण ज्यू म्हणून मान्य केलं. मराठी त्यांनी सोडली नाही. ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक त्यांनी तिकडे चालवलं. महाराष्ट्र सरकारनं 2016 मध्ये इथल्या ज्यूंना अल्पसंख्याक दर्जा दिला, तेव्हा ते काही हजारच उरले होते.

काही वर्षांपूर्वी आम्ही शाळेची सहल रायगड-अलिबागला नेली होती. अलिबागेत इस्राएल आळीतलं प्रार्थनामंदिर मुलांना बाहेरून दाखवलं आणि शनवार तेलींची गोष्ट सांगितली. आमच्या वर्गात तेली समाजाची दोन मुलं होती. त्यातला एक लगेच म्हणाला, ‘सर, म्हणजे आमचेच ना?’ बाकीचे हसले. मी म्हटलं, धंद्यानं तर नक्कीच.

पण या अभिमानावर फार दिवस बसता येत नाही. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. छत्रपती शिवाजी टर्मिनस, मोठी हॉटेलं ही ठिकाणं समजू शकतात. तिथं गर्दी असते. पण कुलाब्याच्या एका गल्लीतलं नरिमन हाउस शेजाऱ्यांशिवाय फारसं कुणाला माहीत नव्हतं. तिथं एक तरुण रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू, गॅव्ह्रिएल होल्ट्झबर्ग आणि त्यांची गरोदर पत्नी रिव्का राहत होती. दोघांसह तिथं सहा ज्यू मारले गेले. इथला एक जीव इतर ठिकाणच्या अनेक जिवांइतका मोलाचा, अशा अर्थाच्या सूचना हल्लेखोरांना फोनवरून सीमेपलीकडून मिळत होत्या. म्हणजे ते घर शोधून काढलेलं होतं, तिथली माणसं ज्यू होती म्हणून. दोन वर्षांच्या मोशेला सॅन्ड्रा सॅम्युअल या त्याच्या आयेनं उचलून बाहेर आणलं. ठार झालेल्या नऊ हल्लेखोरांना आपल्या कब्रस्तानात जागा द्यायला मुंबईच्या जामा मशीद ट्रस्टनं नकार दिला. हे मी मुद्दाम सांगतो, कारण आमच्याकडे ज्यूंच्या बाजूनं बोलणाऱ्यांपैकी काहींचं बोलणं मुसलमानांना शिव्या देण्यासाठीच असतं. भायखळ्याच्या सर जेकब ससून शाळेत मुलं मुख्यतः मुसलमानांची आहेत, शाळा ज्यूंची आहे, आणि ती चालते.

आता सगळ्यात अवघड भाग. 7 ऑक्टोबर 2023 ला हमासनं इस्राएलमध्ये सुमारे 1200 माणसं मारली, अडीचशेच्या आसपास ओलीस नेली. त्यानंतरच्या युद्धात गाझामध्ये हजारोंच्या हजारो पॅलेस्टिनी मेले, त्यात लहान मुलं किती! त्या दिवसांत माझ्या मोबाइलवर दोन तऱ्हेचे संदेश येत होते. एका गटात, ‘हिटलरनं काम अर्धवट सोडलं.’ दुसऱ्या गटात, ‘इस्राएलकडून शिका, असाच धडा शिकवायचा असतो.’ या दुसऱ्या गटातल्या दोघांच्या मोबाइलवर हिटलरचाही फोटो होता! एकाच माणसाला हिटलर आणि इस्राएल दोघंही आवडतात, हा चमत्कार बहुधा आपल्याकडेच घडतो. त्याला दोन्हीकडे एकच गोष्ट आवडत असते, कुणालातरी चिरडणं.

इस्राएलच्या सरकारवर टीका करणं म्हणजे ज्यूद्वेष, असं काहीजण म्हणतात. मला ते मान्य नाही. खुद्द इस्राएलमध्ये हजारो लोक रस्त्यावर उतरून ती टीका करतात. पण गाझावर पडलेल्या बॉम्बचा जाब कुणी अलिबागच्या म्हाताऱ्या पेणकराला विचारू लागला, किंवा ‘ज्यू जातच तशी’ म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथं अडवलं पाहिजे. आपल्या पंचायतीच्या कारभाराबद्दल कुणी सबंध गावाच्या रक्तालाच नावं ठेवली तर आपण ऐकून घेऊ का?

महात्माजींनीही या गुंत्याला हात घातला होता, आणि तो विदर्भातच. नोव्हेंबर 1938 मध्ये जर्मनीत ज्यूंची प्रार्थनामंदिरं आणि दुकानं जाळली गेली. त्यानंतर सुमारे दोन आठवड्यांनी गांधीजींचा ‘ज्यू’ या विषयावरचा लेख ‘हरिजन’मध्ये आला. खाली ठिकाण होतं सेगाव. वर्ध्याजवळचं हे सेगाव म्हणजे पुढचं सेवाग्राम. गजानन महाराजांच्या शेगावशी टपालाचा घोटाळा होई म्हणून नाव बदललं. ज्यू हे ख्रिस्ती जगाचे अस्पृश्य आहेत, असं गांधीजींनी म्हटलं, सहानुभूती दाखवली. पॅलेस्टाइन अरबांचं आहे असंही ठामपणे म्हटलं आणि जर्मनीतल्या ज्यूंना सत्याग्रहाचा सल्ला दिला. तत्त्वज्ञ मार्टिन बूबर यांनी जेरुसलेमहून पत्र लिहून तो सल्ला खोडून काढला. छळछावणीत कुणी पाहणाराच नसेल तर सत्याग्रह कुणापुढे करायचा, हा त्यांच्या म्हणण्याचा रोख. या बाबतीत मला बूबर यांचं म्हणणं अधिक पटतं. पण एकमेकांना न भेटलेली दोन माणसं एवढ्या तीव्र विषयावर किती सभ्यपणे लिहू शकतात, हे आजच्या गटांतल्या भाषेशेजारी ठेवून पाहण्यासारखं आहे.

आता माझ्या कामाचं. गावातल्या मुलांना मी वक्तृत्वाच्या तयारीला मदत करतो. गेल्या वर्षी अकरावीतल्या एका मुलानं ‘माझा आदर्श’ या विषयावर हिटलर निवडला. मी त्याला रागावलो नाही. त्याच्याकडे ते पुस्तक होतंच, ते घेऊन ये म्हटलं. भारताविषयी त्यात काय आहे ते आम्ही दोघांनी मिळून वाचलं. भारत इंग्रजांच्याच ताब्यात राहिलेला बरा, आणि आपल्या स्वातंत्र्यासाठी झटणाऱ्यांची टर. ‘पण सर, नेताजी त्याला भेटले होते ना?’ भेटले होते, 1942 च्या मे महिन्यात, एकदा. आणि त्या भेटीत याच मजकुराबद्दल त्यांनी त्याला विचारलं होतं. त्यानं विषय टाळला. मग मी त्याला युरोपातल्या रोमा लोकांचे आकडे म्हणून दाखवले: येक, दुय, त्रिन, श्तार, पांज. तो म्हणाला, हे तर आपलेच. त्यांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेले. हिटलरच्या राजवटीत त्यांनाही लाखोंच्या संख्येनं मारलं. पोरगं गप्प झालं. त्याची आई पोहरादेवीला दर वर्षी जाते.

अ‍ॅन फ्रँकच्या डायरीचा मराठी अनुवाद त्यानं वाचनालयातून नेला, अर्धा वाचून परत आणला. म्हणाला, पुढं काय होणार ते माहीत आहे म्हणून वाचवत नाही. भाषण त्यानं केलंच, आणि हिटलरवरच केलं. विषय दिला गेला होता, नाव नोंदवलं होतं. फक्त पहिल्याच वाक्यात सांगितलं, की हा माझा आदर्श होता, आता का नाही ते पाच मिनिटांत सांगतो. परीक्षकांनी विषयाला सोडून बोलल्याबद्दल गुण कापले. परतीच्या एसटीत तो त्यावरूनच भांडत होता, की होता म्हणजे विषयातच ना, सर?